चार प्रती आणि पन्नास रुपये

मा. केंद्रीय संस्कृतिमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस



मी मराठीत पुस्तके छापणारा एक लहान प्रकाशक आहे. माझे मागणे अनुदानाचे नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर प्रकाशकाचे पत्र म्हटल्यावर ते आपोआप खरेदीच्या फाइलीत जाऊन पडायचे. मला बोलायचे आहे ते कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबद्दल आणि ज्या कायद्याच्या आधारावर त्याची कपाटे भरतात त्याबद्दल.

१९५४ चा डिलिव्हरी ऑफ बुक्स ॲक्ट आम्हाला सांगतो की, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची एक प्रत स्वखर्चाने राष्ट्रीय ग्रंथालयाला पोहोचवा. आणखी एकेक प्रत जाते चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला. १९५६ साली या कायद्यात वृत्तपत्रेही आली. कायदा लिहिणारा माणूस पुस्तकांतला असावा. कोलकात्याची प्रत कशी हवी, तर पूर्ण, नकाशे आणि चित्रे जशीच्या तशी असलेली, नीट बांधलेली किंवा शिवलेली, आणि त्या पुस्तकाची एखादी प्रत जरी भारी कागदावर छापली असेल तर त्याच भारी कागदावरची. बाकी तिघांना विक्रीच्या नेहमीच्या प्रती चालतील. सरकारी मजकुरात कागदाचा आणि शिलाईचा इतका विचार केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पुढचे कलम वाचले की मात्र हसू येते. प्रत पाठवली नाही तर दंड ५० रुपयांपर्यंत, आणि शिवाय पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. तोही केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने न्यायालयात तक्रार केली तरच. आता हिशेब करा. पुस्तकाची किंमत ४०० रुपये धरली, तर कायदा पाळणारा छापील किमतीने १,६०० रुपयांच्या प्रती बाजूला काढतो आणि वर चार शहरांचा टपालखर्च सोसतो. न पाळणाऱ्याविरुद्ध कुणी तक्रार केलीच, खटला चाललाच आणि गुन्हा शाबीत झालाच, तर तो ४५० रुपये भरून मोकळा. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केले, तेव्हा हा हिशेब आणखी बिघडला. पाळायला महाग आणि मोडायला स्वस्त असा कायदा लोकांच्या भलेपणावर चालतो. आमच्या धंद्यात भलेपणाला तोटा नाही, पैशाला आहे.

आमच्या जमातीबद्दलही खरे बोलायला हवे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी पुस्तके घेणाऱ्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या खरेदीच्या यादीत आपले पुस्तक यावे म्हणून प्रकाशक जिवाचे रान करतात. अर्जाच्या तारखा तोंडपाठ असतात. पण फुकट द्यायच्या चार प्रतींचा विषय काढला की, 'ते पाठवायचं असतं होय?' असे विचारणारे मला आजही भेटतात. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांना तर हे कुणी सांगतच नाही. तालुक्याच्या गावी छापलेला कवितासंग्रह, एखाद्या संस्थेची शतकमहोत्सवी स्मरणिका, निवृत्त शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास ही पुस्तके नातेवाइकांत आणि स्नेह्यांत वाटली जातात आणि संपतात.

एखादा म्हणेल, संपली तर संपली, तसल्या पुस्तकांनी राष्ट्राचे काय अडते? राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर कोणतेही ग्रंथालय यांतला फरक नेमका इथे आहे. आमच्या गावचे वाचनालय निवड करते. त्याने करायलाच हवी. त्याच्याकडे जागा थोडी, पैसा त्याहून थोडा. विद्यापीठाचे ग्रंथालय अभ्यासक्रम पाहून पुस्तके घेते. राष्ट्रीय ग्रंथालयाने निवड करायची नसते. चांगले-वाईट, भारी-हलके न पाहता जे छापले गेले ते सगळे ठेवायचे, हेच त्याचे काम. पंचांग, पाककृतींची पुस्तिका, आरत्यांचा संग्रह, निवडणुकीच्या आधी निघालेले चोपडे, सगळे.

का, याला मराठीतच उत्तर आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले, ५०० प्रती. सुरतेच्या एका विधवेवर चाललेल्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांच्या नावाने जी चिखलफेक चालली होती, तिला दिलेले ते उत्तर होते. जोतीराव फुल्यांनी बाईंची बाजू घेतली. बाकीच्यांनी टीका केली किंवा तोंड फिरवले. पुढे हे पुस्तक मराठी वाचकाच्या नजरेआड झाले ते नव्वदहून अधिक वर्षे. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले, तेव्हा कुठे बाईंचे नाव लोकांना कळले. आज भारतातल्या स्त्रियांच्या लेखनाचा विषय निघाला की ताराबाईंना वगळून पुढे जाता येत नाही. आता कल्पना करा, १८८२ साली हे पुस्तक एखाद्या ग्रंथनिवड समितीपुढे आले आहे. समितीत त्या काळचे मान्यवर बसले आहेत. किती मते पडली असती? एकदा छापलेले पुस्तक कुठेतरी शिल्लक राहिले म्हणून ते परत येऊ शकले, आणि ते राहिले यात व्यवस्थेपेक्षा नशिबाचा वाटा मोठा होता. राष्ट्रीय ग्रंथालय हवे ते नशिबावर भिस्त ठेवायला लागू नये म्हणून.

पुस्तक ठेवले की काम झाले असेही नाही. ते आहे हे कळायला हवे. म्हणजे सूची हवी. इथे एक विचित्र गोष्ट आपल्या कानावर घालतो. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला. सत्तावनचा उठाव होऊन दहा वर्षे झाली होती आणि देशी भाषांत कोण काय छापतो यावर सरकारला नजर ठेवायची होती. पण त्या कायद्यापायी दर तीन महिन्यांनी प्रांतातल्या नव्या पुस्तकांची यादी निघू लागली. तिच्यात काय नव्हते? नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, प्रकाशक, पृष्ठे, आकार, आवृत्ती, किंमत, पुस्तक खिळ्यांवर छापले की शिळेवर, आणि किती प्रती काढल्या! संशयी सरकारने आपल्या सोयीसाठी केलेल्या या याद्या आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ग्रंथव्यवहाराचे मोठे साधन आहेत. आज माझ्या शेजारच्या प्रकाशकाने नव्या कादंबरीच्या ३०० प्रती काढल्या की ३,०००, हे सांगणारी कोणतीही सार्वजनिक नोंद नाही.

हा १८६७ चा कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द केला आणि १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली. छापखान्यावर पाळत ठेवणारा कायदा गेला, याचा एक प्रकाशक म्हणून मला आनंदच आहे. पण त्याबरोबर पुस्तकांच्या नोंदीचा तो जुना, रखडत का होईना चालणारा मार्गही बंद झाला. देशात छापलेले पुस्तक कुठेतरी जमा व्हावे असे सांगणारा मुख्य केंद्रीय कायदा म्हणून आता १९५४ चाच उरला आहे, ५० रुपयांचा.

स्वातंत्र्यानंतर सूचीचे काम कुणी केलेच नाही, असे मी म्हणणार नाही. १९५८ पासून कोलकात्याच्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयातून 'इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी' निघू लागली. स्वतंत्र भारताचे पहिले राष्ट्रीय ग्रंथपाल बी. एस. केशवन यांनी तिची मांडणी केली. सगळ्या भाषांची पुस्तके एका ओळीत बसवायची म्हणून मराठी नावेसुद्धा रोमन लिपीत, अक्षरांच्या वर-खाली खुणा देऊन छापली. ग्रंथपालांना त्याचा उपयोग झाला; साध्या वाचकाने ती कधी उघडली असेल असे वाटत नाही. आणि जे पुस्तक ग्रंथालयात पोहोचलेच नाही, त्याची नोंद या सूचीत तरी कशी येणार?

मराठीत सूचीचे खरे काम केले ते माणसांनी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, मग १९३८ ते १९५० चा दुसरा भाग. ग्रंथालये पालथी घालून, पुस्तक हातात घेऊन, शीर्षकपान पाहून एकेक नोंद. मराठीत संशोधन करणारा प्रत्येक जण 'दात्यांची सूची' उघडून कामाला लागतो. एवढी मोठी भाषा, आणि तिच्यात काय छापले गेले हे कळण्यासाठी दीडशे वर्षांपर्यंत भिस्त एका माणसाच्या चिकाटीवर! मला दात्यांचा अभिमान वाटतो, व्यवस्थेची शरम वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आता निधी येईल, अध्यासने निघतील, परिसंवाद होतील. पण गेल्या वर्षी मराठीत कोणती पुस्तके निघाली त्यांची विश्वासार्ह पूर्ण यादी आधी हातात द्या. परिसंवाद नंतर घेऊ.

हे सगळे कोलकात्यात कशाला, मराठीचे मुंबईत पाहून घेता येईल, असे म्हणणारे मराठीत आहेत. त्यांना एवढेच सांगेन की, मराठी पुस्तक देवनागरी अक्षरांत पहिल्यांदा ज्या परिसरात छापले गेले तो हाच. मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला छापले गेले. कॅरी तेव्हा फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत होता आणि वैजनाथ पंडित त्याला मदत करत होते. १८३६ साली कलकत्ता पब्लिक लायब्ररी निघाली, तेव्हा तिला याच कॉलेजच्या संग्रहातली ४,६७५ पुस्तके मिळाली. १९०३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने ती इम्पीरियल लायब्ररीत मिळवून लोकांना खुली केली. १९४८ साली तिचे नाव बदलून राष्ट्रीय ग्रंथालय झाले आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांच्या हस्ते अलीपूरच्या बेल्व्हेडियर वाड्यात त्याचे दार उघडले. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत ६२ वी नोंद पाहा. नाव घेऊन लिहिलेल्या मोजक्या संस्थांत राष्ट्रीय ग्रंथालय पहिले आहे. या ग्रंथालयात इतर भारतीय भाषांप्रमाणे मराठीचाही स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे ते जितके बंगालचे तितकेच आमचे.

(२०१० साली बेल्व्हेडियरच्या तळमजल्यावर दार-खिडकी नसलेली एक बंदिस्त खोली आढळली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. खजिना असेल, कैदखाना असेल, काय काय तर्क झाले. शेवटी ती मातीने भरलेली निघाली. ग्रंथालयातल्या लाखो पुस्तकांच्या वाट्याला इतकी उत्सुकता कधी आली नाही, असे आपले मला वाटले.)

प्रत एकाच ठिकाणी न ठेवता चार दिशांच्या चार शहरांत ठेवायची, यातही शहाणपण आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचे पाणी त्यात शिरले. लोकांनी ते पुन्हा उभे केले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. कोकणातल्या लहान छापखान्यातून निघालेल्या एखाद्या पुस्तकाची प्रत अशा ठिकाणीच असायची, आणि एका रात्रीत तिचा लगदा व्हायचा. चार ठिकाणी प्रती पोहोचल्या असतील तर पूर ओसरल्यावर निदान विचारायला जागा राहते.

आता वाचकाकडे येतो, कारण १९५४ चा कायदा त्याच्याकडे येतच नाही. प्रकाशकाने काय द्यायचे, कसे द्यायचे, किती दिवसांत द्यायचे, सारे त्यात आहे. ग्रंथालयाने प्रकाशकाला पोहोच द्यावी हेही आहे. पण आलेल्या पुस्तकाची नोंद इतक्या दिवसांत जाहीर करावी, ते वाचकाला अमुक रीतीने वाचायला मिळावे, असे एकही कलम नाही. गडचिरोलीतल्या विद्यार्थिनीने १९६२ साली निघालेले, आता कुठेच न मिळणारे पुस्तक शोधत कोलकात्याला जावे, अशी आपली अपेक्षा आहे का? ती जाणार नाही. इंटरनेटवर कुणीतरी कुठूनतरी चढवलेली, मधली चार पाने गाळलेली प्रत मिळाली तर ती वाचेल.

खरे तर कायद्याची फार मोठी अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली की पुस्तकावरचा हक्क संपतो; अशी मराठी पुस्तके सरळ सर्वांसाठी खुली करता येतात. हक्क शाबूत असलेल्या पुस्तकांचेही, ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी संगणकीय रूप ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिली आहे. प्रश्न वाचायला देण्याचा. इथे प्रकाशक म्हणून माझ्या पोटात गोळा येतो, हे लपवत नाही. आमच्या नव्या पुस्तकाची पीडीएफ आठवड्याच्या आत टेलिग्रामवर फिरते, आणि तक्रार नेमकी कुठे करायची हेच कळत नाही. तरीही मार्ग आहेत. ब्रिटनने २०१३ पासून ई-पुस्तके आणि संकेतस्थळेही ग्रंथालयांत जमा करण्याच्या कायद्यात आणली, पण अट घातली की ती ग्रंथालयाच्या इमारतीतच वाचायची, आणि एका ग्रंथालयात एका वेळी एकाच पडद्यावर. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने लेखक-प्रकाशकांच्या हक्कसंस्थेशी करार केला, तिला मोबदला दिला आणि २००० सालापर्यंतची पुस्तके देशातल्या वाचकाला घरबसल्या उघडून दिली. नॉर्वेची वस्ती आमच्या पुणे जिल्ह्याहून कमी, तेव्हा त्यांचे सगळे आपल्याला जमेल असे नाही. ब्रिटनची अट मात्र उद्या आणता येईल. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय ग्रंथालये आहेत. तिथे एकेक संगणक राष्ट्रीय ग्रंथालयाशी जोडा. बाजारात न मिळणारे जुने पुस्तक वाचकाने तिथे बसून वाचावे, उतरवून घेता येऊ नये. याला विरोध करणारा मराठी प्रकाशक मला तरी दाखवता येणार नाही. त्या पुस्तकातून त्याला तसाही एक पैसा मिळत नसतो.

आणि ई-पुस्तके? १९५४ चा कायदा कागदाचा आहे. आज मराठीत कितीतरी लेखन कागद पाहतच नाही. दिवाळी अंक फक्त संकेतस्थळावर निघतात, कादंबऱ्या ॲपवर हप्त्याहप्त्याने येतात, कंपनीने ॲप बंद केले की जातात. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाच्या काशीनाथ रघुनाथ मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला. तो आज पाहायला मिळतो, कारण तो कागदावर होता आणि कुणीतरी जपला. गेल्या दहा वर्षांतले जालावरचे दिवाळी अंक आणखी तीस वर्षांनी कुठे पाहायचे, याचे उत्तर आज कोणत्याही भारतीय कायद्यात नाही.

तेव्हा कायदा नव्याने करा. त्यात दंड वाढवाच, पण नुसता दंड वाढवून भागणार नाही. त्याने कवितासंग्रह काढणारा शिक्षक घाबरेल आणि मोठे प्रकाशक वकील लावतील. त्याआधी या प्रती टपालातून विनामूल्य जाऊ द्या. वेष्टनावर एक शिक्का, एवढ्याने काम होईल, आणि त्याचा बोजा सरकारला जाणवणारही नाही. दुसरे, आयएसबीएन क्रमांक आम्ही राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून घेतो. ती शिक्षण मंत्रालयाखाली, ग्रंथालय आपल्याखाली. क्रमांक दिला गेला पण प्रत आली नाही, हे शोधायला दोन मंत्रालयांनी एकमेकांच्या याद्या शेजारी ठेवायच्या, बस. आलेल्या पुस्तकांची भाषावार यादी दरमहा जाहीर करा, मराठीची देवनागरीत, आणि तिच्याखाली न आलेल्यांचीही. आपले नाव दुसऱ्या यादीत छापून आलेले कोणत्याही प्रकाशकाला आवडणार नाही. ५० रुपयांपेक्षा ती भीती मोठी. फक्त एक काळजी घ्या. ही नोंद ग्रंथालयाकडेच राहू द्या, गृहखात्याकडे जाऊ देऊ नका. १८६७ चे भूत दीडशे वर्षांनी उतरले आहे, ते नव्या कायद्यातून परत यायला नको.

हे होईपर्यंत एका साध्या माहितीची विनंती करतो. प्रत न पाठवल्याबद्दल १९५४ पासून आजवर आपल्या अधिकृत अधिकाऱ्यांनी किती तक्रारी न्यायालयात दाखल केल्या, आणि मराठीची किती पुस्तके दरवर्षी चारही ग्रंथालयांत जमा झाली, हे वर्षवार आकडे मंत्रालयाने जाहीर करावेत. आकडे लाजिरवाणे असले तरी चालतील. आमच्या प्रकाशक संघटनांच्या बैठकीत ते मी स्वतः वाचून दाखवीन, आणि त्यांत आमच्या बाजूची जी लाज निघेल तिचे काय करायचे ते आम्ही तिथे ठरवू.

कळावे,
आपला,
एक मराठी प्रकाशक